डब्यातलं कूट

नमस्कार मंडळी. तिळगूळ वाटण्याआधी मला आज डब्याबद्दल बोलायचंय.

परवाच्या संकष्टीला माझ्या आईने सकाळीच खिचडी केली. ती सांगलीहून आली आहे. मऊ, मोकळी खिचडी, भरपूर कूट, वरून खोबरं-कोथिंबीर. नातीचा डबाही तिनेच भरला. चौथीतली माझी लेक डब्यात डोकावली आणि म्हणाली, "आजी, हे मी शाळेत नेलं तर माझी मैत्रीण मरेल."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "दाण्यांनी कुणी मरतं का गं?" तिने मला विचारलं. मी शाळेची बाजू घ्यायला गेले, आवाज चढला, आणि चंद्र उगवल्यावरही आई दोनच घास जेवली.

खरं तर दाणे नकोत असा इथे इंग्लंडमध्ये कायदा नाही. शाळेच्या जेवणाचे सरकारी नियम 2015 पासून आहेत, पण ते घरच्या डब्याला लागू नाहीत. डब्याचं ज्या त्या शाळेने ठरवायचं. लेकीच्या शाळेने ठरवलं, कारण तिच्या मैत्रिणीला दाण्यांची तीव्र ॲलर्जी आहे. अशा मुलांचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. म्हणून ती पोर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कायम जवळ बाळगते. भाजल्याने दाणे निर्धोक होत नाहीत. आईला हे सगळं मी दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं. आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. गणपतीत एका आईने विचारलं, "कोशिंबिरीत दाणे आहेत का?" आपल्यातल्याच कुणी म्हटलं, "अगं, चिमूटभरच आहेत." मी शेजारीच होते, गप्प राहिले. "लहानपणापासून खाल्लं की काही होत नाही," असंही आपण म्हणतो. लंडनमधल्या 2015 च्या अभ्यासात 640 बाळांपैकी निम्म्यांना अकरा महिन्यांच्या आतच दाणे द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यात ॲलर्जी खूपच कमी झाली, हे खरं. पण ते बाळांचं झालं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जिला ॲलर्जी आहेच, तिला चिमूटभर कूटही पुरतं. इथे हॉटेलांना जे चौदा पदार्थ सांगावेच लागतात, त्यांत शेंगदाणे आहेत आणि तीळही. आजच्या लाडवांत दोन्ही आहेत. ताटांपुढे तशा चिठ्ठ्या मी सकाळी लिहून ठेवल्यात. यापुढे प्रत्येक कार्यक्रमाला त्या हव्यातच.

नियमाबद्दल माझं भांडण नाही. ती मैत्रीण आमच्या घरी खेळायला येते, आता आई तिच्यासाठी वेगळं पातेलं काढते.

पण त्या दिवसापासून लेक आजीच्या हातचा प्रत्येक घास तोंडाजवळ थांबवते. "आजी, यात काय आहे?" आई सांगते, मगच ती खाते. घरी दाणे चालतात हे तिला माहीत आहे, तरी विचारते. आई फेब्रुवारीअखेर परत जाईल. तोवर लेकीचं हे विचारणं थांबावं की थांबू नये, मला अजून कळत नाही.