जर-तर नेमकं कधी खोटं ठरतं?

नमस्कार श्रोतेहो. बारावीच्या मुलांनी वही जवळ घ्यावी, आज सत्यता सारणी भरायची आहे, म्हणजे विधानांच्या सत्य-असत्याच्या सगळ्या शक्यता ओळीओळीनं मांडणारा तक्ता.

दोन विधानं घेऊ. 'भुसावळ जळगाव जिल्ह्यात आहे', हे सत्य. 'तोरणमाळ धुळे जिल्ह्यात आहे', हे असत्य. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तोरणमाळ त्यात गेलं. त्याआधी हेच वाक्य सत्य होतं, तेव्हा मूल्य, म्हणजे सत्य की असत्य, ठरवताना काळ पक्का धरा. ही दोन विधानं 'आणि'नं जोडली तर असत्य, 'किंवा'नं जोडली तर सत्य. इथला 'किंवा' दोन्ही सत्य असले तरी सत्यच.

मुलं अडतात ती जर-तरपाशी. रावेरचा केळी व्यापारी शेतकऱ्याला म्हणतो, "आज माल भरला गेला, तर उद्या पैसे देतो." माल भरला, पैसे दिले: शब्द पाळला. माल भरला, पैसे नाहीत: शब्द मोडला. आता समजा चिखलामुळे गाडी बांधापर्यंत आलीच नाही. मग व्यापाऱ्यानं उद्या पैसे दिले काय, न दिले काय, त्याला खोटा ठरवता येत नाही. म्हणून चार ओळींपैकी एकच असत्य, जिथे 'जर'चा भाग सत्य आणि 'तर'चा असत्य.

याचा नकार मुलं हमखास असा लिहितात: 'माल भरला गेला, तर पैसे देणार नाही.' चूक! माल भरलाच नाही, तर मूळ वाक्यही सत्य आणि हेही सत्य. नकाराचं मूल्य प्रत्येक ओळीत उलटं यायला हवं. बरोबर नकार: 'माल भरला गेला आणि पैसे दिले नाहीत.' त्यात जर-तर उरतच नाही.

तीन विधानांना आठ ओळी, चारांना सोळा. आठ ओळींत पहिला रकाना चार सत्य, चार असत्य, दुसरा दोन-दोन, तिसरा एकाआड एक. मनानं भरत गेलात की एखादी ओळ दोनदा येते, एखादी निसटते. आधी कंसातलं सोडवा, मग बाहेरचं. नकार कशाला लागलाय तेही बघा. 'भुसावळ जळगाव जिल्ह्यात नाही आणि तोरणमाळ धुळ्यात आहे', हे असत्य. 'भुसावळ जळगावात आणि तोरणमाळ धुळ्यात, अशा दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत असं नाही', हे मात्र सत्य. कंस गाळला की पहिलं वाक्य लिहिलं जातं आणि उत्तर उलटतं.