घरच्या दुरुस्तीसाठी टॉर्क पाना हवा का?

श्रोतेहो, नमस्कार.

सुटीच्या दिवशी अंगणात मोटरसायकल उभी करून स्वतःच ऑईल बदलणारी, प्लग काढून साफ करणारी, ब्रेकचे पॅड घालणारी माणसे आपल्या सांगली जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना पडणारा एक प्रश्न आज मी बोलण्यासाठी घेतला आहे. नट किंवा बोल्ट किती जोराने आवळला जातो आहे हे मोजणारा टॉर्क पाना घरी असावा का? माझे मत आरंभीच सांगतो. प्रत्येक बोल्टसाठी त्याची गरज नाही. परंतु ज्यांचे आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत आणि ज्यांच्यावर चाक किंवा ब्रेक अवलंबून आहे, असे बोल्ट जो स्वतः उघडतो, त्याने ते मोजल्याशिवाय बंद करू नयेत.

बोल्ट आवळताना नेमके काय घडते, हे आधी पाहू. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. ताण कमी पडला तर गाडीच्या थरथरीने बोल्ट सैल होतो. ताण प्रमाणाबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो, तुटतो, किंवा ज्या धातूत तो बसला आहे त्याचे आटे उपटून येतात. हा ताण घरी थेट मोजता येत नाही, म्हणून पिळाचा जोर मोजायचा. पान्याच्या दांड्याची लांबी आणि टोकाला लावलेला जोर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क, आणि तो न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. पंचवीस सेंटिमीटर अंतरावर दहा किलोचा ओढा दिला की साधारण साडेचोवीस न्यूटन-मीटर होतात.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. आमचे मिस्त्री आयुष्यभर हाताच्या अंदाजाने आवळत आले, त्यांच्या गाड्यांना काय झाले? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हापासून लोखंडात हात मुरलेल्या माणसांचा हा जिल्हा आहे, त्यामुळे या आक्षेपाला वजन आहे. मात्र मिस्त्रीचा हात तयार होतो तो रोज तेच बोल्ट, त्याच लांबीच्या पान्याने आवळून. आपण तोच बोल्ट वर्षातून दोनदा उघडतो, तोही कधी आखूड पान्याने, कधी लांब दांड्याच्या रॅचेटने. दांडा दुप्पट लांब झाला की तेवढ्याच जोरात टॉर्क दुप्पट होतो, आणि हाताला तो फरक कळत नाही. मिस्त्रीचा अंदाज खरा असतो; पण तो त्यांचा असतो.

घरच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त छळणारा बोल्ट म्हणजे इंजिनच्या तळाचा, ऑईल काढण्याचा ड्रेन बोल्ट. बोल्ट पोलादी आणि तळ ॲल्युमिनियमचा, म्हणजे हार कोणाची होणार हे ठरलेलेच आहे. आवळत असताना हाताला जड लागत आलेला बोल्ट अचानक हलका फिरू लागतो. काढून पाहावे तर त्याच्या आट्यांत चकचकीत बारीक तार गुंडाळलेली दिसते. ती तार म्हणजेच तळाचे आटे. मग लेथवाल्याकडे जाऊन भोक मोठे करून नवे आटे पाडणे किंवा हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचे काम करणारी तारेची गुंडाळी, बसवणे, एवढाच मार्ग उरतो. अनेक मोटरसायकलींत या बोल्टसाठी सुमारे २४ ते ३० न्यूटन-मीटर एवढेच सांगितलेले असते. तरीही लोक जास्त आवळतात, कारण पूर्वी तेथून ऑईल झिरपलेले त्यांनी पाहिलेले असते. वस्तुतः ते झिरपणे पुष्कळदा जुन्या वायसरमुळे असते. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. दर वेळी नवा घातला तर जोर करण्याचे कारणच उरत नाही.

प्लगचेही तसेच आहे. लहान मोटरसायकलींच्या दहा मिलिमीटर आट्याच्या प्लगला १० ते १६ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त लागत नाही. मोजण्याचे साधन नसेल तर नवा प्लग बोटांनी पूर्ण बसवून त्यापुढे पान्याने अर्धा फेरा फिरवावा. वायसर आधीच दबलेला जुना प्लग असेल तर फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांत कापावे एवढेच अंतर, पुरेसे होते.

चारचाकीच्या चाकाच्या नटांबाबत प्रश्न अधिक गंभीर आहे. लहान मोटारींना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर सांगितलेले असते. सत्तर किलोचा माणूस तीस सेंटिमीटर दांड्याच्या टोकावर उभा राहिला की दोनशेहून अधिक न्यूटन-मीटर होतात, आणि पायाने दाबून नट आवळणे ही तर आपली सर्रास सवय आहे. टायरच्या दुकानांत हवेवर चालणारी गन लावली जाते, तिचा जोरही पुष्कळदा कोणी मोजत नाही. परिणाम असा की पावसात यवतेश्वरच्या घाटात चाक पंक्चर झाले, तर गाडीतल्या आखूड पान्याने नट हलतच नाही. शिवाय एक नट फार घट्ट आणि दुसरा सैल राहिला तर चाकामागची ब्रेकची डिस्क तिरकी दाबली जाऊन ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते. म्हणून माझा आग्रह आहे की टायरच्या दुकानातून घरी आल्यावर नट एकेक करून सैल करावेत, समोरासमोरच्या क्रमाने मोजून आवळावेत, आणि सांगलीहून कराडला जाण्याएवढे अंतर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

टॉर्क पाना आणणे जमत नसेल, तर शेतकरी घरात बहुधा असणारा स्प्रिंगचा लटकता काटा कामाला येतो. रिंग पान्याच्या दांड्यावर बोल्टच्या मध्यापासून पंचवीस सेंटिमीटर मोजून खूण करावी, तेथे काट्याचा हूक अडकवावा आणि दांड्याशी काटकोन ठेवून दहा किलो दिसेपर्यंत सावकाश ओढावे. काटकोन सुटला की हिशेब चुकतो, एवढे ध्यानात ठेवावे. ड्रेन बोल्टसाठी ही युक्ती मला पूर्ण समाधानकारक वाटते. चाकाच्या नटांसाठी मात्र नाही, कारण तेथे लागणारा जोर एकट्याने काट्यातून सरळ ओढणे अवघड जाते.

विकत घ्यायचा असेल तर आधी कोणते बोल्ट आपण उघडतो ते पाहावे. एकच मोठा पाना घेऊन त्यानेच प्लग आवळणे चुकीचे आहे, कारण बहुतेक टॉर्क पाने आपल्या क्षमतेच्या खालच्या पाचव्या भागात भरवशाचे नसतात. दुचाकीवाल्याने पाच ते पंचवीस न्यूटन-मीटरच्या आसपासचा लहान पाना घ्यावा, पण आपला ड्रेन बोल्ट त्यात बसतो ना, हे पाहून. फक्त चाकेच काढणाऱ्याने अर्धा इंची चौकोनी टोकाचा मोठा पाना घ्यावा. मुठीच्या जागीच धरून सावकाश ओढावे. ‘टक्’ असा झटका हाताला जाणवला की थांबावे, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढू नये. टॉर्क पान्याने नट कधी सोडवू नये, आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिळण्यात खर्च होणाऱ्या जोरापैकी जवळजवळ नव्वद टक्के जोर बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. गंजलेल्या आट्यांत तोच आकडा बोल्टला सैल ठेवतो, आणि ऑईल लावलेल्या आट्यांत तोच आकडा बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणतो. गाडीच्या पुस्तकात वेगळे सांगितले नसेल तर आकडा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी आहे असे समजावे. म्हणून चाकाच्या नटांना ऑईल किंवा ग्रीस लावू नये आणि आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. आकडा मात्र शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही, तो आपल्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा लागतो.

इंजिनच्या हेडचे बोल्ट मी या चर्चेत मुद्दामच घेतले नाहीत. आजच्या बऱ्याच गाड्यांत ते आधी ठराविक टॉर्कपर्यंत आणि नंतर ठराविक अंशांपर्यंत फिरवून आवळायचे असतात, आणि अनेकदा एकदा काढले की नवेच घालावे लागतात. ते काम वर्कशॉपकडे सोपवावे. घरचा टॉर्क पाना बरोबर दाखवतो का, अशी शंका आली तर कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असणारा ओळखीचा माणूस बहुतेकांकडे असतो. त्याच्या कारखान्यात तपासणीची सोय असेल, तर वर्षातून एकदा तेथे पाना पडताळून घ्यावा.