बाल शेम: गावाबाहेरचा मांत्रिक की गावाने पोसलेला वैद्य?

नमस्कार. गोलेम, म्हणजे मंत्राने जिवंत केलेला मातीचा पुतळा, या विषयावरच्या भागानंतर ‘बाल शेम म्हणजे यहुद्यांचे मांत्रिकच ना?’ असे आपण सतत विचारत आहात, म्हणून आजचा हा भाग.

मूळ माहिती थोडक्यात सांगतो. पोलंडमध्ये आणि जर्मन प्रांतांत, विशेषतः सतराव्या-अठराव्या शतकांत, ईश्वराच्या गूढ नावांचे ताईत लिहून देणारे, भूतबाधा उतरवणारे आणि झाडपाल्याची औषधेही देणारे जे यहुदी उपचारक होते, त्यांना बाल शेम म्हणत.

मला खटकते ते त्यांना सरसकट धर्मगुरूंपासून लपून वावरणारे भोंदू ठरवणे. १५८३ मध्ये वारलेले एलिया बाल शेम, ज्यांच्या नावावर गोलेमची एक आख्यायिका आहे, ते स्वतःच हेल्म गावचे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, होते. हसिदी या यहुद्यांमधील भक्तिमार्गी पंथाचे प्रवर्तक मानले जाणारे बाल शेम तोव्ह मेझिबुझ गावी यहुदी पंचायतीच्या मालकीच्या घरात करमाफी घेऊन राहत, आणि हे भक्तांच्या चमत्कारकथांतून नव्हे, तर पोलिश करयाद्यांतून कळते. १७६० च्या यादीत तर त्यांच्या उल्लेखापुढे ‘डॉक्टर’ असेही लिहिले आहे. ज्याला लपायचे आहे, त्याला पंचायत घर कशाला देईल?

यावर ‘मग ताइतांवरून एवढे भांडण का झाले?’ असे एका प्रेक्षकाने जरा रागानेच विचारले आहे. १७५१ मध्ये रब्बी याकोब एम्डेन यांनी हॅम्बुर्ग-आल्टोनाचे रब्बी योनातान आयबेशुत्झ यांच्यावर जो आरोप केला, तो नीट पाहावा: बाळंतिणींसाठी दिलेल्या ताइतांत सांकेतिक लिपीत शब्बताई झ्वी या तोतया मसीहाचे, म्हणजे खोट्या तारणहाराचे, नाव दडवले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे वाद पेटला तो ताईत लिहिला म्हणून नव्हे, तर त्यात कोणाचे नाव लिहिले यावरून. आणि आरोपी पुन्हा एक मान्यवर रब्बीच.

जाता जाता एक विनंती. बाल शेम तोव्ह यांचे म्हणून जे दाढीवाले रंगीत चित्र आपण मला वारंवार पाठवता, ते त्यांचे नाही. ते १७८२ मध्ये लंडनमध्ये वारलेल्या सॅम्युएल फाल्क यांचे आहे. तेही बाल शेमच होते, त्यामुळे गोंधळ समजू शकतो. परंतु या भागाखाली तरी ते चित्र पुन्हा चिकटवू नये.