भिंतीला पाठ लावून उभं राहणारं फर्निचर

नमस्कार. मला विषय दिलाय 'पोस्टमॉडर्न इटालियन फर्निचर', म्हणजे आधुनिक डिझाइनच्या शिस्तीविरुद्ध इटलीत उठलेलं फर्निचर. एवढ्या विषयात तासाभरात शिरायचं तर एखादं दार निवडावं लागतं. मी कन्सोल टेबलाचं दार निवडलंय. तुमच्यापैकी काहींना वाटेल, हे काय निवडलं! पण थोडं ऐकून घ्या.

कन्सोल टेबल आता आपल्याकडच्या फ्लॅटमधूनही दिसायला लागलंय. दारातून आत आलं की भिंतीला चिकटून एक लांबट, अरुंद टेबल, वर आरसा, टेबलावर किल्ल्या आणि कुरिअरची पाकिटं. भिंतीपासून पुढे खोली साधारण ३० ते ४५ सेंटीमीटर, उंची कमरेच्या आसपास. त्याला खुर्ची लावून कोणी जेवत नाही, कोणी अभ्यास करत नाही. टेबल म्हणून त्याच्याकडून कामाची अपेक्षाच नसते. मला ते आवडतं ते नेमकं यासाठी, आणि इटलीतल्या ज्या मंडळींबद्दल मी आज बोलणार आहे, त्यांच्या हातात ते इतकं खुललं तेही यासाठीच.

तसं ते त्यांच्या घरचंच. सतराव्या शतकातल्या रोममध्ये सरदार घराण्यांच्या पलाझ्झोंमधून, म्हणजे वाड्यांमधून, लांबच लांब दालनं असत. पलाझ्झो कोलोनाचं दालन आजही बघायला मिळतं. अशा दालनांत भिंतीलगत सोनेरी मुलामा दिलेली लाकडी कन्सोलं मांडलेली असत. खाली पानं, वेली, मानवी आकृती असं भरगच्च कोरीवकाम आणि वर संगमरवराची जाडजूड लादी. ती लादी मिरवायची, एवढंच त्या सगळ्या खटाटोपाचं कारण. असं एखादं टेबल भिंतीपासून पुढे ओढलंत तर मागची बाजू बहुधा साधी, बिनकोरलेली दिसेल. कोणी बघणारच नाही तिथे कारागिरानं वेळ का घालवावा? म्हणजे या वस्तूला चेहरा आहे, पाठ नाही.

विसाव्या शतकातल्या आधुनिक डिझाइनला हे पटणारं नव्हतं. वस्तूनं काम करावं, रूप त्या कामातून यावं, वरची सजावट म्हणजे लबाडी, अशी ती शिस्त. तिनं खूप चांगल्या वस्तू दिल्या, हे मी आधीच कबूल करतो. पण १९६०च्या दशकाच्या शेवटी इटलीतल्या तरुण आर्किटेक्टना ती शिस्त सोवळ्यासारखी वाटायला लागली. फ्लॉरेन्समध्ये १९६६ साली 'सुपरस्टुडिओ' हा गट निघाला. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे. मिलानमध्ये १९७६ साली 'स्टुडिओ आल्किमिया' निघाला. तिथल्या आलेस्सांद्रो मेंदीनींनी १९७८ साली जुन्या बरोक धाटणीची एक खुर्ची घेतली आणि कापडासकट लाकडावरही रंगीत ठिपक्यांचं चित्र रंगवून टाकलं. खुर्चीचा सांगाडा त्यांचा नव्हता. त्यांचा फक्त पृष्ठभाग, आणि डिझाइन म्हणजे तेवढंच, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता एत्तोरे सोत्सास. यांच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे. जन्म १९१७चा, इन्सब्रुकचा. ऑलिव्हेटी कंपनीसाठी १९५९चा 'एलेआ ९००३' संगणक आणि १९६९चा लालभडक 'व्हॅलेंटाइन' टाइपरायटर यांचं रूप सोत्सास यांनीच घडवलं, दुसऱ्याचं पेरी किंग यांच्यासोबत. म्हणजे कारखान्यासाठी, कामासाठी डिझाइन करता येत नव्हतं म्हणून हा माणूस रंगाकडे वळला असं नाही. १९६१ साली ते भारतात येऊन गेले. परतल्यावर जीवघेणं आजारपण आलं, उपचार अमेरिकेत झाले. त्यातून उठल्यावर त्यांनी मातीची भांडी केली. १९६४च्या एका मालिकेला नाव होतं 'शिवाला अर्पण', पुढे १९६८ला 'तंत्र' आली. आकारावर आकार रचत नेलेल्या, स्तूपासारख्या वस्तू. भारतातून त्यांनी नक्षी उचलली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी उचलली ती वस्तूपुढे थांबण्याची रीत. आपण देवळातल्या दगडाला 'तुझा उपयोग काय' असं विचारत नाही ना, तसं.

१९७९ साली आल्किमियासाठी त्यांनी एक छोटं टेबल केलं, 'ले स्त्रुत्तूरे त्रेमानो'. अर्थ असा की सांगाडे थरथरतायत. जवळून बघा. खाली लॅमिनेट, म्हणजे आपली सनमायका, चढवलेला चौथरा. त्यातून निघालेले चार नळीचे पाय, फिकट रंगांचे आणि सरळ नव्हे, तर नागमोडी, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखे. वर काचेचा चौकोनी तुकडा. टेबलाचं पहिलं कर्तव्य म्हणजे भक्कम दिसणं, आणि हे टेबल मुद्दाम डळमळीत दिसतं. त्यावर चहाचा कप ठेवायला हात कचरतो. प्रत्यक्षात ते पडत बिडत नाही.

डिसेंबर १९८०मध्ये मिलानमधल्या त्यांच्या घरी तरुण डिझायनर जमले. रेकॉर्डवर बॉब डिलनचं गाणं लागलं होतं, त्यातल्या शहराचं नाव गटाला मिळालं : मेम्फिस. सप्टेंबर १९८१मध्ये पहिलं प्रदर्शन झालं, तेव्हा गर्दीनं रस्ता अडला. वस्तूंची नावं ऐका : कार्लटन, प्लाझा, हिल्टन. बडी बडी हॉटेलं! जॉर्ज सोडन यांच्या एका खुर्चीचं नाव तर 'ओबेरॉय', आणि सोत्सास यांच्या एका दिव्याचं 'अशोका'. श्रीमंतीची ही नावं दिली कशाला, तर ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो त्या लॅमिनेटच्या वस्तूंना. तोवर हे लॅमिनेट इटलीत कॉफीबारच्या काउंटरवर आणि स्वयंपाकघरात असायचं. दिवाणखान्यात त्याला सहसा प्रवेश नव्हता, आणि असलंच तर लाकडाचं सोंग घेऊन. सोत्सास यांनी त्याला सोंग उतरवायला लावलं. आबेत लामिनाती या कंपनीकडून त्यांनी १९७८ साली स्वतःची नक्षी छापून घेतली होती, 'बॅक्टेरियो'. पांढऱ्यावर काळ्या वळवळत्या रेघा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात तशा.

'कार्लटन' हे पुस्तकांचं शेल्फ तुम्ही फोटोत पाहिलं असेल. हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखं, तिरक्या फळ्यांचं, रंगीबेरंगी. उंची १९५ सेंटीमीटर, रुंदी १९०. आणि खोली? फक्त ४०. दिवाणखान्याच्या मधोमध ठेवायची वस्तू, पण अंगकाठी बघा, कन्सोलची आहे! तिरक्या फळ्यांवर पुस्तकं कलंडतात, अशी तक्रार लोक करतात. रास्त आहे. पण ४० सेंटीमीटरची वस्तू मुळात समोरून बघण्यासाठीच असते.

१९८५चं 'टार्टार' हे सोत्सास यांचं टेबल मात्र सरळच कन्सोल म्हणून मांडलं जातं. लॅमिनेट, लाखेसारखा चकचकीत रंग आणि त्यांच्या जोडीला कृत्रिम व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवायचा लाकडाचा पातळ थर. हे व्हिनिअर गमतीचं प्रकरण आहे. साध्या, स्वस्त लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे, रंगवायचे, एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा आणि तो पुन्हा कापायचा. जे रेषे दिसतात ते कोणत्याही झाडात नसतात. लाकूड खरं, पण त्याचा चेहरा माणसानं ठरवलेला. त्याच वर्षी सोत्सास गटातून बाहेर पडले.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर नंतर भांडू. मेम्फिसच्या खुर्च्या मला फारशा पटत नाहीत. मासानोरी उमेदा यांचं 'तवाराया' म्हणजे चक्क बॉक्सिंगचं रिंग, आत बसायला गाद्या. फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी मोंटे कार्लोमधलं घर असल्याच फर्निचरनं सजवलं होतं, आणि १९९१ साली सगळं लिलावात काढलं. मला त्यात नवल वाटत नाही. खुर्ची अंगाला लागते. तिचा विनोद रोज पाठीनं सोसावा लागतो. कन्सोलशी असा अंगाचा संबंध येत नाही. जाता येता नजर टाकायची, किल्ली ठेवायची, पुढे जायचं. त्यामुळे त्याचा रंग कितीही भडक असला तरी त्याचा जाच होत नाही. पोस्टमॉडर्न फर्निचरमधलं घरात टिकणारं काय, असं विचाराल तर मी भिंतीलगतच्या आणि कोपऱ्यातल्या वस्तू सांगेन : कन्सोल, छोटी टेबलं, दिवे.

आणि म्हणून शेवटी सुपरस्टुडिओ. त्यांची 'क्वादेर्ना' मालिका १९७०च्या सुमाराची, झानोत्ता कंपनीनं काढलेली, आजही बनते. त्यात कन्सोलही आहे. पांढरं लॅमिनेट, त्यावर काळ्या रेघांची चौकडी, दर ३ सेंटीमीटरला एक रेघ. गणिताच्या वहीसारखं. बस्, दुसरं काहीच नाही. मेम्फिसचा गोंगाट नाही, तरीही सगळा मुद्दा त्यात आहे : वस्तू म्हणजे तिचा पृष्ठभाग.

फोटो बघून हे कोणत्याही मिस्त्रीला सोपं वाटेल. प्लाय कापायचं, सनमायका चिकटवायची, झालं. पण वरची रेघ कडेवरून खाली उतरते तेव्हा ती बाजूच्या रेघेला तंतोतंत मिळायला हवी, आणि पायांच्या चारही अंगांवर तसंच. एक मिलिमीटर सरकलं तर दारातून दिसतं. साधी सनमायका ही चूक पोटात घालते, चौकडीची घालत नाही. यातल्या चौकोनी जेवणाच्या टेबलाची मापं १२६, १२६ आणि ७२ अशी आहेत. तिन्हींना ३नं भाग जातो. तुमच्यापैकी कोणी असं कन्सोल इथे करून घेणार असेल, तर भिंत मोजून मग माप ठरवू नका. आधी ३च्या पटीतलं माप ठरवा, भिंतीवर उरेल ती जागा उरू द्या. आणि मिस्त्रीला पहिला पाय स्वतःसमोर बसून जोडायला लावा.

चला, आता प्रश्न घेऊ.