पाच खाचांची रिंग

यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात येणारी ही मोटारसायकल. दोन्ही अंगांना 40 लिटरचा एकेक कॅन. नुसतं दूधच 80 किलोच्या वर भरतं, कॅनचं वजन वेगळं. मागच्या मडगार्डकडे बघा, चाक जवळजवळ टेकलंय. पुढचा भाग उचललाय, म्हणून वळणावर हँडल फिरवूनही गाडी बाहेरच्या कडेला ओढली जाते.

अशा वेळी शॉकअप (मागच्या चाकाचे धक्के झेलणारे स्प्रिंगवाले दांडे) गेले म्हणून चांगले शॉकअप बदलले जातात. आधी बघायला हवी ती स्प्रिंगच्या बुडाची ही रिंग. ती फिरवली की गाडीची मागची बाजू वर-खाली होते. बहुतेक साध्या गाड्यांवर तिला पाच खाचा असतात आणि वर्षानुवर्षं तिला कुणी हातही लावत नाही. 55 किलोचा स्वार असो की 90 किलोचा, खाच तीच!

किती फिरवायची, हे टेप सांगते. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पाइपवर खडूची खूण करून अंतर मोजायचं. मग गाडी चाकांवर उतरवायची, रोजचा भार लादायचा, स्वाराने पाय फूटरेस्टवर ठेवून बसायचं. हँडल दुसऱ्याने धरायचं. गाडीची शेपटी एकदा दाबून सोडायची, नाहीतर शॉकअपच्या सीलच्या घर्षणाने आकडा खोटा येतो. पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक चाकाच्या एकूण खेळाच्या, म्हणजे चाक जितकं वर-खाली होऊ शकतं त्याच्या, एक-तृतीयांश हवा. खेळ 80 मिलिमीटर असेल, तर 25 ते 30. पन्नासच्या वर गेला, तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप तळाला आपटणार.

पावसाळ्यातली तांबडी माती रिंगेत घट्ट बसते. तारेचा ब्रश, थोडं डिझेल, मग हूक पाना. छन्नी-हातोडी नको. खाचेची कड तुटली की रिंग पुढच्याच खड्ड्यात खाली घसरते. फिरवताना चाक अधांतरीच हवं, म्हणजे स्प्रिंगवर भार नसतो. डावी-उजवी खाच एकच ठेवायची, नाहीतर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला पीळ पडतो.

रिंग चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची मागची बाजू फक्त उचलली जाते. पण तेवढ्याने पुढच्या चाकावर वजन परत येतं. याच वळणावर, चौथ्या खाचेवर, गाडी बघा, हँडलचं ऐकते.

दाबून सोडल्यावर शेपटी दोन-तीनदा हिंदकळत असेल किंवा शॉकअपच्या रॉडवर तेलाचा ओघळ असेल, तर मात्र शॉकअप खरंच गेलाय.

संध्याकाळी कॅन रिकामे. आता रिंग खाली आणायची. चढवलेली राहिली तर मागचं चाक ब्रेकखाली उडतं आणि घसरतं. आणि पाचव्या खाचेवरही भारानं गाडी मागे खाली बसत असेल, तर भार कमी करायचा. किती न्यायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. खाच वाढवली म्हणून तो आकडा वाढत नाही.