तिघांचं बिऱ्हाड

प्रवाळ म्हणजे प्राणी आणि शैवाल यांची जोडी, असं आपण शाळेपासून घोकत आलो. माझी तक्रार या ‘जोडी’ शब्दाबद्दल आहे. प्रवाळात राहणाऱ्या सिम्बायोडिनियमसारख्या शैवालाची पेशी साधारण दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तिच्या अंगावर, आणि पुष्कळदा आतसुद्धा, मायक्रॉनभर लांबीचे जिवाणू राहतात. जोडी कसली, हे तिघांचं बिऱ्हाड आहे.

मग तिसरा दिसत कसा नाही? प्रयोगशाळेत हे शैवाल वाढतं एफ/२ नावाच्या पोषक द्रावणात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, थोडं फॉस्फेट, धातूंचे अंश आणि अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ जीवनसत्त्व. मेख इथेच आहे! बी-१२ कुठल्याच शैवालाला बनवता येत नाही. निम्म्याहून अधिक जातींना ते बाहेरून लागतं, आणि समुद्रात ते जिवाणूंकडून येतं. बाटलीत आपणच ते आयतं भरवतो, आणि जिवाणूंची गरज झाकली जाते.

बरं, प्रतिजैविकं घालून शैवाल ‘शुद्ध’ केलं म्हणावं, तर जिवाणू वाढवायच्या आगरच्या ताटलीत काही उगवलं नाही एवढ्यावर विसंबू नका. बहुतेक सागरी जिवाणू ताटलीत वाढतच नाहीत, आणि पेशीच्या आत बसलेल्यांपर्यंत औषध नीट पोचत नाही. १६एस, म्हणजे जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या जनुकाची तपासणी हवीच.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. शैवालाच्या बाटलीत तळाशी बारीक खडे सापडले. शैवाल उजेडात कार्बन शोषतं, भोवतालचा सामू चढतो, आणि जिवाणूंच्या चिकट थरात अ‍ॅरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचे स्फटिक धरतात. म्हणजे प्रवाळाचा सांगाडा ज्या खनिजाचा, तेच! शैवाल त्या खड्यात जिवंत चिणलं जातं. जिवाणू मारले, तर खडे धरत नाहीत. प्रवाळ प्राणी नसतानाही शैवाल आणि जिवाणू मिळून दगड घडवतात, याचं अप्रूप वाटायला नको का?

वेळ संपत आली अशी चिठ्ठी आली आहे, आणि या भाषणाचा जाहीर केलेला विषय, उष्णता, अजून तसाच आहे. थोडक्यात सांगतो. पाणी तापलं आणि ऊनही कडक असलं, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन-रेणू साचतात, प्रवाळ शैवाल गमावतो. हेच विरंजन. म्युरिकॉडा नावाचा एक जिवाणू झियाझँथिन बनवतो, मक्याचा पिवळा रंग ज्याने येतो तेच. २०२० च्या प्रयोगात त्याच्या सोबतीने शैवालाने उष्णता आणि प्रखर उजेड अधिक चांगला सोसला. पण तो बाटलीतला प्रयोग होता. तेवढ्यावर समुद्रातल्या प्रवाळ खडकावर जिवाणू शिंपडायला निघू नये.

मालवणला किंवा आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या प्रवाळ पठारावर नमुने घेणाऱ्यांना एकच विनंती. शैवाल पाच मायक्रॉनच्या गाळणीवर धुता, तेव्हा खाली उतरलेलं पाणी फेकू नका. सैल चिकटलेले जिवाणू त्यातच जातात. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीवर ते धरा आणि गाळणी लगेच उणे ८० अंशांवर ठेवा.