टाके निघाले, व्रण उरला

टाके घातल्यावर माणूस आधी आरसा शोधतो. भुवईवर काळ्या दोऱ्याच्या चार गाठी, भोवती सूज, डोळ्याखाली उतरलेला काळानिळा डाग. दुसऱ्या दिवशी तर चेहरा आणखीच सुजलेला दिसतो. उशी थोडी उंच घेऊन झोपलं, की सूज लवकर ओसरते.

पहिले 24 तास जखम कोरडी ठेवायची. मग मात्र पाण्याला भिऊ नये. साध्या साबणाने हलक्या हाताने धुवायची, टिपायची, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. ‘हवा लागू दे, खपली धरू दे’ हे आपण लहानपणापासून ऐकलंय. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून उलटंच दाखवलं: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते. खपली असली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढत सरकावं लागतं. आणि फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड? त्यात या कोवळ्या पेशीही मरतात.

टाक्यांऐवजी गोंदाने जखम चिकटवली असेल, तर मलम नकोच. त्याने गोंद सुटतो.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून इथले टाके साधारण पाचव्या दिवशी निघतात. पायावरचे दोन आठवडेही ठेवतात. ‘राहू देत अजून थोडे दिवस’ म्हणत तारीख टाळली, तर दोऱ्याचे वण दोन्ही बाजूंना शिडीच्या पायऱ्यांसारखे उमटतात. मधली रेघ पुसट होते, शिडी तशीच राहते.

पण टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, असं नाही. त्या दिवशी तिची ताकद मूळ त्वचेच्या दहाव्या हिश्शाइतकीही नसते. म्हणून वर चिकटपट्ट्या लावतात. धक्काबुक्कीचे खेळ बंद, आणि त्या जागेवरून वस्तरा फिरवायचा नाही.

लाली पसरत चालली, ठणका कमी होण्याऐवजी वाढला, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल, तर तेही विचारून घ्यावं.

जखम मिटली की ऊन सांभाळायचं. कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो, म्हणून किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन, तेही कित्येक महिने.

दीड महिन्याने व्रण आधीपेक्षा लाल आणि टणक लागतो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. खरं तर आत कोलाजेनची, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची, डागडुजी चालू असते, आणि ती वर्षभरही चालते. व्रणावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची का, हे डॉक्टर सहसा त्यानंतरच ठरवतात.